गावच्या शाळेत बालहक्क शिकवताना : विदर्भातल्या नव्या शिक्षकांसाठी

बालहक्कांचा तास बहुतेक शाळांत १४ नोव्हेंबरच्या आसपास होतो. एक भाषण, एक तक्ता, चार घोषणा आणि खाऊ. मुलं घोषणा पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग झाडायला पुन्हा मुलीच उठतात. हा लेख जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आणि गावात मुलांबरोबर काम सुरू करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. इतर देशांत हे काम कसं चालतं, त्यातलं दोनशिक्षकी शाळेत काय जमतं आणि वर्षभरात कोणत्या क्रमाने करावं, हे यात सांगितलं आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकू: शाळेतला एक तरी खरा निर्णय मुलांच्या हाती दिल्याशिवाय हक्क शिकवून होत नाहीत.

कायद्याचं एवढं माहीत हवं

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर झाला आणि भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्यात ५४ कलमं आहेत. आज १९६ देश या कराराला बांधील आहेत. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. सातवी-आठवीच्या वर्गात नकाशा लावून ही गोष्ट सांगितली की मुलं आपणहून विचारतात, ‘का नाही दिली?’ त्या प्रश्नावर दहा मिनिटं खर्च करायला हरकत नाही.

५४ कलमं शिकवायची नसतात. तुम्हाला आठ माहीत असली तरी काम चालतं: भेदभाव नको (कलम २), मुलाचं हित आधी (३), जगणं आणि वाढ (६), मुलाचं म्हणणं ऐकणं (१२), मारहाणीपासून संरक्षण (१९), शिक्षण (२८), खेळ आणि विश्रांती (३१), कष्टाच्या कामापासून संरक्षण (३२). मुलांना कलमांचे आकडे सांगू नका, गोष्ट सांगा. तुमच्यासाठी आणखी एक कलम आहे, ४२ वं. हा करार मोठ्यांना आणि मुलांना दोघांनाही माहीत करून देणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं ते सांगतं. ‘हे कुणी शिकवायला सांगितलं?’ असं कुणी विचारलं तर हे कलम दाखवायचं.

आपल्या देशातला आधार शिक्षण हक्क कायदा २००९ हा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वर्षाला पहिली ते पाचवी २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. हे आकडे मुलांनाही सांगा, कारण ते मोजता येतात. जे मोजता येतं ते मुलं विसरत नाहीत.

दुसऱ्या देशांकडून काय घ्यावं

पोलंडमध्ये यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर होते. वॉर्सामध्ये १९१२ पासून त्यांनी अनाथ मुलांचं घर चालवलं. तिथे मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलंच असत आणि ती चिठ्ठी टाकून निवडली जात. न्यायालयाच्या नियमावलीतली पहिली ९९ कलमं माफीची किंवा निर्दोष ठरवण्याची होती, त्यानंतर हळूहळू कडक होत जाणारी. मोठ्यांवरही तिथे दावा लावता येई आणि कोर्चाक स्वतः त्या न्यायालयापुढे उभे राहिले. १९४२ मध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेलं, तेव्हा तेही मुलांबरोबर गेले आणि तिथेच मारले गेले. आठवीच्या मुलांना हे जरूर सांगा. पहिली-दुसरीला फक्त न्यायालयाची गोष्ट पुरते.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या शाळांत हक्कांचा अभ्यासक्रम तयार झाला, तो इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्याने उचलला आणि पुढे ब्रिटनभर युनिसेफचा ‘हक्कांचा मान राखणाऱ्या शाळा’ हा उपक्रम उभा राहिला. शाळेला कांस्य, रौप्य, सुवर्ण असे टप्पे पार करावे लागतात. हॅम्पशायरमधल्या अभ्यासाने दोन गोष्टी दाखवल्या. हक्क शिकलेली मुलं दुसऱ्याच्या हक्कांचीही जास्त कदर करू लागली. आणि हा फरक जिथे संपूर्ण शाळेचा कारभार त्या पद्धतीने चालला तिथेच दिसला. जिथे अर्धवट राबवलं तिथे फारसं काही हाती लागलं नाही. ‘हक्क शिकवाल तं पोट्टे डोक्यावर बसतीन’ असं पालकसभेत कुणीतरी म्हणणारच. त्यांना हाच अभ्यास सांगा.

स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर घरातही बंदी घातली आणि त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली, म्हणजे ती रोजच्या जेवणाच्या टेबलावर पोचली. यातून घ्यायचं ते इतकंच की माहिती रोजच्या वापरातल्या वस्तूवर असावी. आपल्याकडे ती जागा म्हणजे वहीचं पहिलं पान, प्रगतिपत्रक आणि पाण्याच्या टाकीची भिंत.

जपानमधल्या कावासाकी शहराने २००० मध्ये बालहक्कांचा स्वतःचा नियम केला आणि तो लिहिताना मुलांना बरोबर घेतलं. त्या मुलांनी मोठ्यांना निरोप दिला होता, त्याचा आशय असा: आधी तुम्ही सुखात राहा, मोठी माणसं सुखी नसतील तर मुलं सुखी कशी राहतील? जिथे एका वर्षाच्या नापिकीने घरातला आवाज बदलतो, त्या आपल्या भागातल्या पालकसभेत हे वाक्य वाचून दाखवावं. पालकांना ते आपल्यावरचा ठपका वाटत नाही.

फार लांब जायचंही कारण नाही. कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा होतात, राजस्थानातल्या तिलोनियात रात्रशाळांच्या मुलांची संसद उभी राहिली. दोन्ही ठिकाणची परिस्थिती आपल्या गावांशी ब्रिटनपेक्षा जास्त जुळते.

पाठ घेण्याआधी फोन नंबर जमवा

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पहिले दोन आठवडे मुलांसमोर हक्कांचा विषय काढू नका. कारण साधं आहे. ‘तुझ्या अंगाला कुणी नको तसा हात लावला तर सांग’ असं वर्गात म्हटल्यावर कधी ना कधी एखादं मूल सांगतं. त्या वेळी काय करायचं ते तुम्हाला ठाऊक नसेल, तर ते मूल पुन्हा कधीच कुणाला सांगणार नाही.

एका पुठ्ठ्यावर हे लिहून कपाटाच्या दाराला आतून लावा: चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२, आपलं पोलीस ठाणं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी). प्रत्येक नंबर एकदा लावून बघा. जुन्या याद्यांमधले बरेच नंबर बदली झालेल्या माणसांचे असतात. ग्रामसेवक हे गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या मदतीला असतात, ही गोष्ट कित्येकदा त्या दोघांच्याही लक्षात नसते. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

शाळेत मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असेल. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत हवी आहे. तिची एक बैठक प्रत्यक्ष घ्या. शाळा व्यवस्थापन समितीलाही सांगा की आपण या वर्षी काय करणार आहोत. तिथे ‘हक्क’ शब्दाने सुरुवात करण्यापेक्षा पाणी, शौचालय आणि हजेरी यांनी करा, मंडळी लगेच ऐकतात.

मग तक्रारपेटी. पत्र्याचा डबा चालेल, पण कुलूप हवं आणि दोन किल्ल्या वेगळ्या माणसांकडे हव्यात: एक शिक्षकाकडे, दुसरी समितीतल्या महिला सदस्याकडे. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर लावली की रिकामी राहते. पाण्याच्या टाकीजवळ लावली तरी एक अडचण उरते: चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. त्यावर सोपा तोडगा असा की दर शनिवारी प्रत्येक मुलाला सारखीच कोरी चिठ्ठी द्यायची. ज्याला सांगायचं आहे त्याने लिहायचं किंवा चित्र काढायचं, ज्याला नाही त्याने कोरी घडी घालायची. सगळ्यांनी टाकायची. मग कोण बोललं ते कुणालाच कळत नाही. पेटी त्याच दिवशी उघडा आणि पुढच्या सोमवारी परिपाठात सांगता येण्यासारख्या गोष्टींवर काय केलं ते सांगा. दोन सोमवार उत्तर मिळालं नाही तर पेटी मेली असं समजा.

मुलाने काही गंभीर सांगितलं तर

हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. शांतपणे ऐका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काहीच चूक नाही’ एवढं म्हणा. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका, कारण तो पाळता येणार नाही. त्याऐवजी ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन’ असं म्हणा. खोदून खोदून विचारू नका, अंगावर काही खुणा आहेत का ते स्वतः तपासू नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. ‘ढोरं चारायला गेलो तेव्हा’ असं मूल म्हणालं तर तसंच लिहा, त्याचं पुस्तकी मराठी करू नका.

लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. वरिष्ठांच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. गावात हमखास एक वाक्य येतं: ‘गुरुजी, गावातलं गावातच मिटवू.’ दोन्ही बाजू समोर बसवून समझोता घडवण्याच्या फंदात पडू नका. त्यात मुलावर दबाव येतो आणि पुरावा जातो. मुलाचं नाव स्टाफरूममध्ये, व्हॉट्सअ‍ॅप गटात, कुठेही नको.

पहिले चार तास

पहिला तास कार्डांचा. गावात लग्नपत्रिकांना तोटा नसतो. त्यांच्या कोऱ्या बाजू पोस्टकार्डाएवढ्या कापा. एका संचात १६ कार्डं: स्वच्छ पाणी, जेवण, शाळा, खेळायला जागा, दवाखाना, मायबाप जवळ असणं, मार न बसणं, आपलं म्हणणं सांगता येणं, जन्मदाखला, पुरेशी झोप, आपली भाषा, सायकल, मोबाईल, नवे कपडे, कुरकुरे, टीव्ही. लहानांसाठी चित्रं काढा. चार-पाच मुलांचा एक गट, प्रत्येक गटाला एक संच. आधी सांगा, चार कार्डं बाजूला काढा. मग आणखी चार. आठ उरली की गटांनी एकमेकांची कार्डं बघायची. तास ४० मिनिटांचा असेल तर शेवटची १५ मिनिटं बोलण्यासाठी राखा, नाहीतर सगळा वेळ कार्डं लावण्यातच जातो.

काही ठिकाणी हा खेळ ‘गाव सोडून जायचं आहे, सामान एवढंच नेता येईल’ अशी कल्पना करून घेतात. मेळघाटातून किंवा यवतमाळकडून वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतली मुलं वर्गात असतील तर तसं करू नका. त्यांच्यासाठी तो खेळ राहत नाही.

या खेळात चुकतं ते शिक्षकाचं. ‘सायकल ही हौस’ असं आपण आधीच ठरवलेलं असतं. तीन किलोमीटरवरच्या पोडावरून (कोलामांच्या वस्तीवरून) येणारी मुलगी म्हणते, सायकल नसली तर शाळाच नाही. ती बरोबर बोलते आहे. कार्ड हलवा आणि का हलवलं ते मुलांनाच सांगू द्या. गरज माणसागणिक बदलते, हे त्या एका कार्डातून सगळ्या वर्गाला कळतं.

दुसरा तास पोषण आहाराच्या वजनाचा. हा आमच्या मते सगळ्यात जोरकस पाठ आहे, कारण यात हक्क तराजूत घालता येतो. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज कच्चा तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. जेवणातून लहानांना ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. फळ्यावर हिशेब मांडा: पाचवीपर्यंतची २८ मुलं हजर असतील तर तांदूळ २ किलो ८०० ग्रॅम, डाळ ५६० ग्रॅम, भाजी १ किलो ४०० ग्रॅम, तेल १४० ग्रॅम. मग स्वयंपाकघरात जाऊन प्रत्यक्ष तोला. तांदळाचा ढीग डोळ्यांनी बघितला, डाळीत हात घातला, की ‘पोषणाचा हक्क’ हे शब्द मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

पण स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी आदल्या दिवशीच बोला. अचानक वीस मुलं तराजू घेऊन आली तर त्यांना तो छापा वाटेल, आणि वाटणं साहजिक आहे. त्यांनाच तोलायला सांगा, मुलांनी वहीत लिहावं. धान्य कमी भरलं तर ती नोंद शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा, ताईंपुढे नको. मानधन उशिरा मिळतं, लाकूडफाटा स्वतः आणावा लागतो, असं त्या बोलल्या तर मुलांना ऐकू द्या. मोठ्यांनाही हक्क असतात हे मुलांना कळायला याहून चांगली जागा नाही.

तिसरा तास दिवसाच्या घड्याळाचा. प्रत्येक मुलाने वहीच्या पानावर मोठं वर्तुळ काढून त्याचे २४ भाग करायचे आणि झोप, शाळा, खेळ, अभ्यास, घरकाम, वावरातलं काम वेगवेगळ्या रंगांनी भरायचं. नाव लिहायचं नाही, कोपऱ्यात फक्त मुलगा की मुलगी एवढी खूण. कागद गोळा करून दोन ढीग करा आणि दोन्ही ढिगांतला खेळाचा रंग मोजा. मुलींच्या कागदांवर पाणी भरणं, धाकट्या भावाला सांभाळणं, भांडी यांचा रंग पसरलेला दिसतो. तुम्हाला काही बोलावं लागत नाही. हेच घड्याळ नोव्हेंबरात पुन्हा भरून घ्यायचं आहे, म्हणून जुलैचे कागद जपून ठेवा. भिंतीवर लावू नका. नाव नसलं तरी अक्षरावरून आणि रंगावरून कुणाचं ते वर्गाला कळतं.

चौथ्या तासाला वर्गाचा करार लिहा. ब्रिटनमधल्या शाळांत हा मधला धागा असतो. चार-पाच ओळी पुरेत आणि प्रत्येक ओळीला दोन बाजू हव्यात: मुलं काय करतील, शिक्षक काय करतील. ‘एक जण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात, सरही मध्येच तोडत नाहीत.’ भाषा मुलांची ठेवा. खाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे, पहिला तुमचा. दोनशिक्षकी शाळेत वर्गागणिक वेगळा करार करत बसू नका, सगळ्या शाळेचा एकच करा. पंधरा नियमांची यादी झाली तर ते शिस्तीचं फलकलेखन झालं, पुन्हा सुरुवात करा.

करारात एक चूक फार सहज होते: ‘कर्तव्य कराल तर हक्क मिळेल.’ असं लिहू नका. गृहपाठ केला नाही म्हणून जेवण बंद होत नाही, तसंच खेळाचा तासही बंद होत नाही. हक्क ही चांगल्या वागणुकीची मजुरी नव्हे. खेळाचा तास काढून घेणं ही आपल्याकडची सगळ्यात सोपी शिक्षा आहे आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमाविरुद्ध आहे.

छडी, कोंबडा आणि ऊन

छडी बऱ्याच शाळांतून गेली. कोंबडा करणं, पट्टीने बोटांवर मारणं, मार्च-एप्रिलच्या उन्हात उभं करणं, जातीवरून किंवा बापाच्या दारूवरून टोमणा मारणं हे अजून राहिलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये हे सगळं येतं. हक्कांचा पाठ घेणाऱ्या शिक्षकाने त्याच दिवशी कोंबडा केला तर मुलं पाठ विसरतात, कोंबडा लक्षात ठेवतात.

बदल्यात काय, तर कोर्चाकांचं न्यायालय छोटं करून वापरा. आठवड्यातून एकदा २० मिनिटं, चिठ्ठीने निवडलेली तीन मुलं, पुढच्या आठवड्यात दुसरी तीन. आधी दोघांचं ऐकायचं, मग ‘आता पुढे काय केलं म्हणजे बरं होईल’ हे विचारायचं. निकाल शक्यतो माफीचा किंवा भरपाईचा. पेन्सिल चोरली, टोपणनावाने चिडवलं, खेळातून वगळलं, एवढ्याच तक्रारी इथे येतील. मारहाण, जातीय अपमान, अंगाशी संबंधित काहीही असेल तर ते मुलांच्या न्यायालयात कधीच नेऊ नका. ते मोठ्यांचं आणि कायद्याचं काम आहे.

बालसभेला खरा अधिकार द्या

बालसभा म्हणजे शाळेतल्या मुलांची सभा. शनिवारी शेवटचा तास, अर्धा तास पुरे. निवडणूक घ्यायची असेल तर गुप्त मतदानाने घ्या: कपाटामागे डबा, चिठ्ठीवर चिन्हं, निम्म्या जागा मुलींना. पोळ्यानंतरचा आठवडा सोयीचा पडतो. तान्ह्या पोळ्याला मुलांनी मिरवलेले लाकडी बैल चिन्हं म्हणून वापरा, पहिलीतल्या मुलालाही मत देता येतं. दोन ठिकाणी गाडी अडते. सरपंचाचा मुलगा बिनविरोध निवडून येतो, किंवा निवडलेला मुलगा गुरुजींचा मुकादम बनतो आणि हातात पट्टी घेऊन फिरतो. दोन्हींवर उपाय एकच, दर दोन महिन्यांनी चिठ्ठीने नवी मुलं.

वहीत तीन रकाने आखा: प्रश्न, कोण करणार, कधीपर्यंत. सुरुवातीला एकच निर्णय पूर्णपणे मुलांकडे द्या. खेळाच्या साहित्यात काय घ्यायचं, वाचनाचा तास कधी, किंवा झाडलोटीची पाळी. झाडलोट उत्तम, कारण त्यात मुलगा-मुलगी आणि जात दोन्ही उघडी पडतात. हजेरीच्या अनुक्रमांकाने पाळी लावली की ‘हे काम तिचं’ हा समज एका महिन्यात मोडतो. मुलांनी ठरवलेलं तुम्हाला पटलं नाही तरी, धोका नसेल तर एक महिना चालू द्या. तुम्ही ते गुपचूप बदललंत तर पुढच्या सभेत कुणी तोंड उघडणार नाही.

२ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांचा एक अर्ज जाऊ द्या. एकच मागणी, मोजमापासह: ‘मुलींच्या शौचालयात पाणी नाही, नळापासून अंतर ४० फूट, पाइप लागेल.’ ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, याची आठवण अर्जात नम्रपणे घाला. अर्ज मुलीने वाचावा आणि पोच घ्यावी. मागण्या दहा केल्यात तर सगळ्यांना एकच उत्तर येतं: ‘बघू.’

वेचणीचे दिवस

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की हजेरी हलते आणि दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत वर्ग अर्धा होतो. गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे मार्च-एप्रिलला मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. हक्कांचं शिक्षण खऱ्या अर्थाने इथे कसाला लागतं.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदा असा आहे: १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही, घरच्या कामात, घरच्या शेतात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मदत करता येते. १४ ते १८ ला धोक्याच्या कामांना बंदी. म्हणजे संध्याकाळी आईबरोबर आपल्या वावरात दोन ओळी वेचणारी पोरगी आणि शाळा बुडवून दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावाने वेचणारी पोरगी, यांत फरक आहे. तो फरक मुलांना नीट समजावा. सरसकट ‘काम करणं वाईट’ असं सांगितलंत तर मुलं आईबापांना गुन्हेगार समजू लागतात आणि घरी वाद पेटतो.

पालक म्हणतील, ‘मास्तर, दोन-चार दिवस पोरीले वेचाले नेतो, मंग पाठोतो.’ वाद घालू नका. नेमके कोणते दिवस, धाकट्याला कोण सांभाळतं, हे विचारा. कितीदा तरी मुलगी वेचायला जात नसते, ती बांधावर बाळ सांभाळत असते, आणि अंगणवाडीच्या वेळेची व्यवस्था झाली तर ती शाळेत येऊ शकते. नोव्हेंबरची घड्याळं याच काळात भरून घ्या आणि जुलैच्या कागदांशेजारी ठेवून फक्त खेळ आणि झोप हे दोन रंग बालसभेत मोजा.

कोरकू, गोंडी, कोलामी बोलणारी मुलं

धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या पांढरकवडा-झरी भागात कोलामी. अशा वर्गात ‘आपली भाषा’ हे कार्ड आठांत राहिलंच पाहिजे असा आग्रह धरू नका, पण ते पहिल्या फेरीत बाहेर पडलं तर का पडलं ते विचारा. शाळेत बोललं की हसतात, हे उत्तर बहुधा येतं. बालहक्क कराराच्या ३० व्या कलमात आदिवासी मुलाला स्वतःची भाषा वापरण्याचा हक्क आहे आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथे मातृभाषेतून शिकवायला सांगतं. पेटीतली चिठ्ठी, बालसभेतलं बोलणं, न्यायालयातली तक्रार हे सगळं घरच्या भाषेत चाललं पाहिजे. अर्थ सांगायला मोठ्या वर्गातली मुलगी किंवा अंगणवाडी सेविका घ्या. मात्र पेटीतल्या गुप्त चिठ्ठीसाठी मुलगी नको, तिथे मोठं माणूसच हवं.

काही बदललं का, ते कसं बघावं

प्रश्नमंजूषा घेऊ नका. कलमांचे आकडे पाठ असणं ही खूण नव्हे. डिसेंबरात चार गोष्टी तपासा: गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या तुलनेत हजेरी किती, बालसभेच्या वहीत ‘झालं’ असा शेरा किती ओळींपुढे आहे, जूनमध्ये गप्प बसणारी किती मुलं आता सभेत बोलली, आणि पेटीत लिहिलेल्या चिठ्ठ्या वाढल्या की घटल्या. चिठ्ठ्या वाढल्या म्हणजे शाळा बिघडली असं वरिष्ठांना वाटू शकतं. त्यांना समजावा की पहिल्या वर्षी त्या वाढायलाच हव्यात.

एप्रिलमध्ये सुटीआधी दोन कामं उरतात. प्रगतिपत्रकावर १०९८ शिक्क्याने किंवा हाताने लिहा, कारण उन्हाळ्यात शाळा बंद असते आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास लग्नांचा हंगाम असतो. सातवी-आठवीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीचा पुढच्या शाळेतला प्रवेश, अंतर आणि बसची वेळ एका वहीत लिहून ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविकेला दाखवा. मुलीचं १८ आणि मुलाचं २१ हे वय तिथेच ठळक लिहा. जूनअखेरीस शाळा उघडल्यावर तीच वही घेऊन त्या घरांना भेट द्या, ज्या मुलीचा प्रवेश झालेला नसेल तिच्या घरापासून सुरुवात करा.